अनोळखी जखमीचे रक्त हाताला लागले, तर धोका कशाचा आणि किती?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. संक्रांतीच्या दिवशी संध्याकाळी नागपुरातील मानेवाडा भागात रिंग रोडवर एका दुचाकीस्वाराच्या गळ्याला नायलॉन मांजा लागला आणि तो खाली पडला. आपण आपला दुपट्टा त्याच्या मानेवरच्या जखमेवर दाबून धरला आणि १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत सुमारे अर्धा तास तसेच बसून राहिलात. दोन्ही हात मनगटापर्यंत रक्ताने भरले. आपल्या उजव्या तर्जनीवर त्याच सकाळी पतंग उडवताना पडलेली चीर होती. चेहऱ्यावरही थोडे शिंतोडे उडाले, मात्र डोळ्यांवर चष्मा होता. नंतर जवळच्या पानठेल्यावरच्या पाण्याने हात धुतले आणि घरी येऊन बोटाला स्पिरिट चोळले. आता एचआयव्हीची तपासणी करावी का, काही औषध घ्यावे का, आणि सकाळी आपल्या रक्ताळलेल्या जॅकेटला हात लावणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला काही होईल का, असे आपण विचारता.

हे सर्व आपण दुसऱ्याच दिवशी सकाळी लिहिले आहे, म्हणून घाईचे तेवढे आधी सांगतो. पुढचे वाचन नंतर केले तरी चालेल, पण आज दुपारच्या आत मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आकस्मिक विभागात जा. मिहानच्या बाजूला राहत असाल तर एम्समध्ये जा. तेथे एवढेच सांगा की, काल संध्याकाळी दुसऱ्याच्या रक्ताशी संपर्क आला, बोटावर ताजी चीर होती आणि पीईपीबद्दल सल्ला हवा आहे. संपर्क होऊन गेल्यानंतर एचआयव्हीचा संसर्ग रुजू नये म्हणून जे औषध देतात त्याला पीईपी म्हणतात. पहिला डोस जितका लवकर, शक्यतो दोन तासांच्या आत, तितका उत्तम. आणि ७२ तास उलटून गेल्यावर ते सुरू करण्यात अर्थ उरत नाही. विषाणू शरीरात शिरला तरी पहिले दोन-तीन दिवस तो शिरलेल्या जागेच्या आसपासच्या पेशींत आणि तेथून जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंतच पोहोचलेला असतो. तेवढ्या अवधीत औषधाने त्याची वाढ अडवली तर त्याला कायमचा ठिय्या मांडता येत नाही. एकदा त्याने आपली जनुकीय सामग्री आपल्या पेशींच्या गुणसूत्रांत घुसवली की मग तो बाहेर काढण्याचा उपाय आजही वैद्यकाकडे नाही. घड्याळाला महत्त्व आहे ते यासाठी.

आता धोक्याचे मोजमाप करू. रक्त कोणाचे होते हे बहुतेक लोक आधी विचारतात. ते रक्त शरीरावर नेमके कोठे पडले हे मी आधी विचारतो. धडधाकट, अखंड त्वचा ही या विषाणूंसाठी बंद दारच आहे. तळहातावर, दंडावर, पायावर कितीही रक्त सांडले आणि त्या जागेची त्वचा शाबूत असली, तर एचआयव्हीचा संसर्ग होत नाही. आपले मनगटापर्यंत भरलेले हात दिसायला भयंकर असले तरी त्यातला जवळजवळ सगळा भाग हिशेबातून वजा होतो. उरते ती तर्जनीवरची चीर आणि चेहऱ्यावरचे शिंतोडे. शिंतोडे डोळ्यांत, नाकात किंवा तोंडात गेले नसतील, केवळ गालावर आणि कपाळावर पडले असतील, तर तेही सोडून द्यावेत. चष्मा हे संपूर्ण संरक्षण नसते, कारण बाजूने थेंब आत जाऊ शकतो. पण थेंब डोळ्यात गेला असता तर बहुधा त्याच क्षणी जाणवले असते आणि आपल्याला ते आठवले असते.

चिरेबद्दल मात्र मी थोडा वेळ घेणार आहे. ज्यांनी पतंग उडवली आहे त्यांना ही चीर ठाऊक आहे: तर्जनीच्या दुसऱ्या पेराच्या आतल्या बाजूला, दोर सरसर सोडताना पडलेली, केसाएवढी बारीक पण कडा उघड्या असलेली आणि बोट वाकवले की पुन्हा तोंड वासणारी. दोन-तीन दिवसांपूर्वीची, खपली धरलेली, कोरडी जखम असती तर मी फारसा विचार केला नसता. परंतु ही त्याच दिवशीची होती आणि आपण अर्धा तास तेच बोट वाकवून दाब देत होता. रक्त त्या चिरेत गेलेच नसेल असे म्हणता येत नाही. हातावर ओला इसब असणे, नखाच्या मुळाशी सोललेली कातडी असणे किंवा भाजल्याची ओली जखम असणे यांनाही हाच न्याय लागू पडतो.

आकडे पाहिले म्हणजे भीती आपल्या मापात येते. एचआयव्हीबाधित व्यक्तीचे रक्त असलेली सुई टोचली आणि कोणतेही औषध घेतले नाही, तर संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे तीनशेत एक इतकी असते. तेच रक्त डोळ्यात किंवा तोंडाच्या आतील ओल्या त्वचेवर उडाले तर ती सुमारे ०.०९ टक्के, म्हणजे हजारात एकाच्या आसपास येते. तुटलेल्या त्वचेचा धोका त्याहूनही कमी धरला जातो. हे सर्व समोरची व्यक्ती बाधित आहे हे गृहीत धरून आहे. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोनच्या आसपास आहे. महाराष्ट्रात ते याहून थोडे अधिक आहे. रस्त्यावर भेटलेल्या एका अनोळखी जखमीच्या बाबतीत या दोन शक्यतांचा गुणाकार करावा लागतो आणि तो दहा लाखांत दोन-चार इतका निघतो. शिवाय बाधितांपैकी ज्यांचे औषध नियमित सुरू आहे, त्यांच्या रक्तात विषाणूचे प्रमाण इतके घटलेले असते की हा आकडा आणखी खाली जातो. रिंग रोडवरून रोज दुचाकी चालवण्याचा धोका याहून कितीतरी मोठा आहे, हे आपल्यासमोर काल घडलेल्या प्रसंगावरूनच दिसते.

मग मी रुग्णालयात जायला का सांगतो? दोन कारणांनी. पहिले असे की गुणाकार हा समूहासाठी असतो. तो विशिष्ट जखमी कोण होता हे कळण्याचा मार्ग आज खुला आहे आणि कळल्यावर निर्णय पक्का करता येतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि आपल्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. ते कारण म्हणजे हिपॅटायटिस बी.

या शहरात रक्ताच्या संपर्काची विचारणा करणारे जवळजवळ सगळे एचआयव्हीचे नाव घेऊन येतात आणि हिपॅटायटिस बीचे नाव मला काढावे लागते. यकृताला सूज आणणारा हा विषाणू रक्तावाटे पसरण्यात एचआयव्हीपेक्षा फार पुढे आहे. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता, समोरच्याच्या रक्तातील विषाणूच्या प्रमाणानुसार, ६ ते ३० टक्के असते. तीनशेत एक आणि दहात तीन, यांची तुलना करून पाहा. शिवाय हा बाधित माणूस आपल्याला भेटण्याची शक्यताही जास्त आहे, कारण आपल्या देशात वेगवेगळ्या पाहण्यांनुसार शंभरात एक ते चार व्यक्तींच्या रक्तात हा विषाणू सापडतो आणि त्यांतील पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो. सुकलेल्या रक्तात, टेबलावर किंवा कपड्यावर, तो किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो. एचआयव्ही मात्र शरीराबाहेर आणि विशेषतः रक्त वाळू लागल्यावर झपाट्याने निकामी होतो.

समाधानाची बाब ही की याच आजारावर लस आहे आणि ती संपर्कानंतर दिली तरी काम करते. ज्यांनी लसीचे तीनही डोस पूर्वी घेतले आहेत आणि ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडींची, पातळी १० एमआययू/मिलि किंवा त्याहून अधिक मोजली गेली आहे, त्यांना काहीही करावे लागत नाही. भारतात ही लस सार्वत्रिक लसीकरणात २०११-१२ च्या सुमारास देशभर आली. त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या माणसाला ती सरकारी दवाखान्यात लहानपणी मिळालेली नसते. ज्यांनी स्वतःहून किंवा नोकरीच्या निमित्ताने घेतली असेल तेवढ्यांनाच ती मिळालेली असते. आपण घेतली नसेल तर पहिला डोस आजच घ्या, दुसरा एक महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. जखमीच्या रक्तात हा विषाणू असल्याचे निष्पन्न झाले तर लसीसोबत हिपॅटायटिस बीचे तयार प्रतिपिंड असलेले इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही, शरीरावर दुसऱ्या जागी, दिले जाते. ते २४ तासांच्या आत दिल्यास उत्तम आणि सुईच्या जखमेनंतर सात दिवसांपलीकडे त्याचा उपयोग राहत नाही. हे इंजेक्शन महाग असते आणि प्रत्येक दुकानात मिळत नाही, म्हणून ते लागणार की नाही याचा निकाल पहिल्याच दिवशी लागलेला बरा.

हिपॅटायटिस सीसाठी लसही नाही आणि संपर्कानंतर घ्यायचे प्रतिबंधक औषधही नाही. पूर्वी सुईच्या जखमेनंतर त्याची शक्यता १.८ टक्के सांगितली जात असे. अलीकडच्या अभ्यासांत ती ०.२ टक्क्यांच्या आसपास आढळली आहे. येथे आपण फक्त लक्ष ठेवायचे असते, आणि तसे लक्ष ठेवण्याला आता खरा अर्थ आहे, कारण संसर्ग झालाच तर बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

सिफिलिस आणि मलेरिया हेही रक्तातून जाऊ शकतात, पण अशा संपर्कातून ते क्वचितच होतात आणि दोन्हींवर खात्रीचे उपचार आहेत. क्रिमियन-कांगो रक्तस्रावी तापासारखा आजार रुग्णाच्या रक्तातून पसरतो हे २०११ मध्ये गुजरातेत, डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या तेव्हा, दिसून आले. परंतु तो तापाने फणफणलेल्या रुग्णाच्या शुश्रूषेचा प्रश्न आहे, रस्त्यावर कोसळलेल्या तरण्याताठ्या दुचाकीस्वाराचा नाही. मांजाने कापलेल्या आपल्या स्वतःच्या बोटासाठी धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले होते ते मात्र आठवून पाहा.

आपण केलेल्या प्रथमोपचाराविषयी दोन शब्द. हात लगेच पाण्याने धुतले हे योग्य झाले. साबण मिळाला असता तर अधिक चांगले. स्पिरिट चोळण्याची गरज नव्हती. स्पिरिट, आयोडीन, ब्लीच यांसारखी द्रव्ये जखमेवर चोळली की आतली नाजूक पेशीरचना पोळते, आग होते आणि काहीतरी जालीम केल्याचे समाधान मिळते. विषाणू अडवण्यात त्यांची साबण-पाण्यापेक्षा सरस कामगिरी दिसलेली नाही. आता पुन्हा चोळू नका, स्वच्छ पट्टी बांधा. सुई टोचल्यावर बोट पिळून रक्त काढण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे, तीही सोडावी. आणि टोचलेले बोट तोंडात घालून चोखणे तर नकोच, कारण त्यामुळे त्वचेवरचे रक्त तोंडाच्या आत जाते. डोळ्यात रक्त गेले तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने दहा मिनिटे डोळा धुवावा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती आधी न काढता तशीच ठेवून धुवावे आणि मग काढावी. तोंडात गेले तर थुंकावे, पाण्याने अनेकदा चुळा भराव्यात. तेथे साबण वापरू नये.

रुग्णालयात काय घडेल तेही सांगतो, म्हणजे गोंधळ उडणार नाही. जखम पाहून डॉक्टर संपर्क किती गंभीर होता हे ठरवतील. माझ्यासमोर आपण असता तर ताजी, उघडी चीर आणि दीर्घकाळचा संपर्क पाहून मी पहिला डोस लगेच दिला असता आणि जखमीची तपासणी झाल्यावर पुढचे औषध चालू ठेवायचे की थांबवायचे हे ठरवले असते. प्रत्यक्ष जखम पाहणाऱ्या डॉक्टरांचे मत याहून वेगळे पडू शकते आणि ते मानावे. पहिल्या डोससाठी कोणत्याही अहवालाची वाट पाहायची नसते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या, सध्याच्या पद्धतीनुसार टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तीन औषधांची एकत्रित गोळी दिवसातून एकदा, २८ दिवस घ्यायची असते. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. मळमळ, डोकेदुखी, झोप न लागणे असे त्रास काहींना पहिल्या आठवड्यात होतात आणि बहुधा आपोआप ओसरतात. त्यापायी दहाव्या-बाराव्या दिवशी गोळी बंद करणाऱ्यांची संख्या थोडी नाही, आणि असे अर्धवट औषध घेण्याला अर्थ नाही.

आपण इतर कोणती औषधे घेता हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. अ‍ॅसिडिटीची अँटासिडे, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून पीईपीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी लागते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर त्याचे रक्तातील प्रमाण वाढते आणि मात्रा कमी करावी लागू शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर टेनोफोव्हिरचा वेगळा विचार होतो. आणखी एक गोष्ट सहज निसटते: यातील दोन औषधे हिपॅटायटिस बीच्या विषाणूवरही चालतात, त्यामुळे ज्याला आधीपासून हा आजार आहे त्याची गोळी २८ दिवसांनी एकदम थांबली की यकृताची सूज उसळू शकते. आपल्या स्वतःच्या रक्ताची हिपॅटायटिस बीची तपासणी सुरुवातीलाच करतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

सुरुवातीच्या या तपासणीविषयी एक गैरसमज पक्का बसलेला आहे. संपर्काच्या दुसऱ्या दिवशी खासगी लॅबमध्ये एचआयव्हीची तपासणी करून निगेटिव्ह अहवाल आला की लोक पेढे वाटण्याच्या बेतात असतात. त्या अहवालाचा कालच्या घटनेशी काहीही संबंध नसतो. काल संध्याकाळपर्यंत आपली प्रकृती काय होती तेवढेच तो सांगतो. त्याचा उपयोग आहे, पण तो पुढच्या अहवालांशी ताडून पाहण्यापुरता. पुढची एचआयव्ही तपासणी सहा आठवड्यांनी आणि त्यानंतर तीन महिन्यांनी करावी. हिपॅटायटिस बी आणि सीसाठी सहा महिन्यांपर्यंत लक्ष ठेवतात, आणि जखमीला हिपॅटायटिस सी असल्याचे कळले तर तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान विषाणूची थेट आरएनए तपासणी करून लवकर निदान करता येते. मध्येच, दर चार दिवसांनी, मन राहत नाही म्हणून लॅबच्या पायऱ्या चढू नका.

जखमीच्या तपासणीबद्दल. त्याला कोणत्या रुग्णालयात नेले हे अ‍ॅम्ब्युलन्सकडून किंवा पोलिसांकडून कळू शकेल. ते कळले तर आपल्या डॉक्टरांना सांगा. ते तेथील डॉक्टरांशी बोलतील. आपण स्वतः त्याच्या घरच्यांना फोन करून ‘याला काही आहे का हो?’ असे विचारू नका. ज्या घरातला मुलगा अतिदक्षता विभागात आहे त्या घराला हा प्रश्न विचारण्याची ही वेळ नव्हे, आणि कायद्यालाही ते मान्य नाही. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तपासणीसाठी संबंधिताची माहितीपूर्वक संमती लागते आणि त्याची स्थिती उघड करण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. नीट समजावून सांगितले तर ज्याचा जीव वाचवायला आपण धावलात त्याचे कुटुंब सहसा नाही म्हणत नाही. तपासणीत तो एचआयव्हीबाधित नसल्याचे दिसले तर आपले औषध बहुधा थांबवता येईल. तो सापडलाच नाही, तर डॉक्टर आपल्या जखमेवरून निर्णय घेतील. काही विचारायचे असल्यास नाकोच्या १०९७ या मोफत क्रमांकावर बोलता येते, नाव सांगावे लागत नाही.

शेवटचा अहवाल येईपर्यंत घरात वेगळे ताट-वाटी, वेगळे अंथरूण असे काही करण्याचे कारण नाही. एकत्र जेवा, मुलीला कडेवर घ्या, तिची पापी घ्या. पत्नीशी शरीरसंबंधात निरोध वापरा, रक्तदान करू नका आणि दाढीचे ब्लेड व टूथब्रश स्वतःपुरते ठेवा. शेवटच्या दोन गोष्टी खरे तर कोणत्याही घरात नेहमीच पाळायच्या असतात.

येथे थोडे विषयाच्या कडेने जातो, कारण रस्त्यावरच्या अपघातातून होणाऱ्या संसर्गाची भीती सर्वांना वाटते आणि जेथे रक्त खरोखर एका शरीरातून दुसऱ्यात जाते ती ठिकाणे कोणाच्या डोळ्यांसमोर नसतात. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी मोफत शुगर तपासणीचे टेबल लागते. तेथे बोट टोचणारे पेनासारखे उपकरण पाहावे. आतली सुई प्रत्येकासाठी बदलली तरी उपकरणाच्या टोकाची टोपी तीच असते आणि तिच्यावर आधीच्या माणसाचे डोळ्यांना न दिसणारे रक्त असू शकते. एकच उपकरण अनेकांना वापरल्याने हिपॅटायटिस बी पसरल्याच्या नोंदी जगभर आहेत. घरात वडिलांना आणि काकांना मधुमेह असेल आणि यंत्र एकच असेल, तर टोचण्याचे पेन तरी दोघांचे वेगवेगळे हवे. सलूनमध्ये आता ब्लेड नवे लावतात, पण दाढी झाल्यावर गालावर फिरवायचा तुरटीचा खडा सकाळपासून सगळ्यांच्या कापलेल्या गालांवरून फिरलेला असतो, तो नाकारावा.

आणि सुई. दवाखान्यांतील सुईच्या जखमांचा मोठा भाग एका विशिष्ट हालचालीतून येतो: इंजेक्शन देऊन झाल्यावर डाव्या हाताच्या चिमटीत प्लास्टिकची टोपी धरायची आणि उजव्या हाताने सुई तिच्यात घालायची. रात्रपाळीच्या शेवटी, पेंगुळलेल्या डोळ्यांनी, टोक टोपीच्या कडेवरून निसटते आणि डाव्या अंगठ्यात शिरते. पोकळ सुईत रक्त शिल्लक असते, म्हणून ती शिवणाच्या भरीव सुईपेक्षा अधिक धोक्याची. शिरेत गेलेली, रक्त दिसत असलेली आणि खोल शिरलेली सुई सर्वांत धोक्याची. टोपी परत लावायचीच नाही, सुई तशीच कटरमध्ये नष्ट करून न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची, हा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचा भाग आहे. ज्या घरांत इन्सुलिन घेतात तेथे मात्र सुया सर्रास ओल्या कचऱ्याच्या पिशवीतून घंटागाडीत जातात आणि पुढे भांडेवाडीच्या कचरा डेपोवर कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात रुततात. तिला पीईपी हा शब्द ठाऊक नसतो. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात सुया साठवून, तो चिकटपट्टीने बंद करून, वर ‘सुया आहेत’ असे लिहून स्वतंत्रपणे द्याव्यात.

पुन्हा असा प्रसंग आला तर मदत करू नये का, असे आपण विचारले नाही, पण पत्राच्या सुरात ते आहे. मदत जरूर करावी. मानेतून रक्त वाहत असताना दाब देणारा हात मिळाला नाही तर माणूस मिनिटांत जातो, आणि वरच्या आकड्यांपुढे हा धोका किती मोठा आहे हे सांगायला नको. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली तरी दर जानेवारीत गळे कापले जात आहेत, तेव्हा संक्रांतीच्या आठवड्यात दुचाकीच्या डिक्कीत हातमोज्यांच्या दोन जोड्या ठेवाव्यात. मेडिकल स्टोअरमध्ये त्या थोड्या पैशांत मिळतात. मोजे नसतील तर हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून दाब देता येतो. जखमी शुद्धीवर असेल तर त्याचाच हात त्याच्या जखमेवर ठेवून वरून आपण दाबावे. हेल्मेटची काच खाली ओढून घेतली तर डोळे सुरक्षित राहतात. स्वतःच्या बोटावर चीर असेल तर आधी तिच्यावर पट्टी चिकटवावी, त्याला दहा सेकंद लागतात. पोलिसांच्या चौकशीची धास्ती असेल तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १३४अ हे कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देते. स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नसते.

आता जॅकेट आणि मुलगी. तिने वाळलेल्या डागाला हात लावला, तिच्या हाताची त्वचा शाबूत होती आणि नंतर हात धुतले, तर तिला तपासणीची गरज नाही. तिचे लसीकरण कार्ड मात्र काढून पाहा: जन्मानंतर २४ तासांत हिपॅटायटिस बीचा एक डोस आणि दीड, अडीच व साडेतीन महिन्यांचे पेंटाव्हॅलंटचे तीन डोस नोंदलेले असतील तर ती या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक सुरक्षित आहे. नोंद अपुरी असेल तर पुढच्या लसीकरणाच्या दिवशी उरलेले डोस पूर्ण करून घ्या.

जॅकेट फेकून देण्याची आवश्यकता नाही. रबरी मोजे घालून ते आधी थंड पाण्यात बुडवा, कारण गरम पाण्याने रक्त कापडात घट्ट बसते. मग साबणाच्या पावडरीत भिजवून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. दुचाकीच्या सीटवर किंवा फरशीवर डाग असतील तर आधी कागद पसरून त्यावर ब्लीचचे द्रावण ओता. बाजारातले द्रवरूप ब्लीच साधारण ४ ते ५ टक्क्यांचे असते, त्याच्या एका भागात चार भाग पाणी घातले की १ टक्क्याचे द्रावण होते. ते अर्धा तास तसेच ठेवून पुसून घ्या आणि नंतर साध्या पाण्याने पुन्हा पुसा, नाहीतर सीटचा रंग उडेल. या द्रावणात संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. दुपट्टा आपण जखमीसोबतच जाऊ दिला असणार. तो परत मिळाला तर त्यालाही हेच धुणे लागू आहे.